विमलला सांगितलं ते विमलनं केलं

स्टाफरूममध्ये स्टोव्हवर चहा उकळत असला की किस्से आपोआप साठत जातात. सत्तरच्या दशकात मी दौंडजवळच्या एका गावातल्या शाळेत होते. तिथले बरेच किस्से मी आजही हसत सांगते. विमलचे मात्र नाही. स्टाफनं ते हसत सांगितले, याचाच राग अजून गेलेला नाही.

विमल पाचवीत आली तेव्हा तिच्या वडलांनी पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र आणलं. वडील दौंडला रेल्वेत फिटर होते, रजा टाकून आले होते. आता अशा मुलांसाठी ॲस्पर्जर, म्हणजे स्वमग्नतेचाच एक प्रकार, हा शब्द ऐकते, तिचं तर सौम्यच म्हणायचं. तेव्हा आमच्याकडे एकच शब्द होता, येडी. पत्रात एवढंच होतं: बुद्धी उत्तम आहे, गोंगाट सोसत नाही, बोललेलं शब्दशः घेते, सांभाळून घ्यावे.

"बाई, पोरगी येडी न्हाई," वडील मला म्हणाले. "डाक्टरनं लिवून दिलंय."

हेडमास्तरांनी पत्र वाचलं आणि परत केलं. "सांभाळून घ्यायला ही शाळा आहे की पांजरपोळ?"

ते पत्र मी मागून घेतलं आणि माझ्या कपाटात ठेवलं.

*

घंटा झाली की विमल कानांवर हात दाबून बाकाखाली बसायची. ड्रिलच्या सरांनी उपाय काढला. तिला घंटेखाली उभं केलं आणि दहा टोले दिले. "सवय होईल."

पोरीनं फ्रॉकमध्येच लघवी केली. सगळी शाळा हसली. मी सरांच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि काय काय बोलले ते इथं सांगत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमचे शिपाई मामा हातोड्याला फडकं गुंडाळून घंटा द्यायला लागले. आठवड्यानं मला मेमो आला: "शालेय घंटेच्या आवाजात विनापरवाना फेरफार."

*

याच सरांनी एकदा तिला सांगितलं, "मी सांगेपर्यंत कान धरून उभी राहा." आणि ते विसरून घरी गेले.

संध्याकाळी मामा खोल्यांना कुलपं लावायला गेले, तर विमल कान धरून उभी.

"पोरी, बसायचं नाय का गं?"

"सर बस म्हणाले नाहीत."

सकाळी सरांनी हा किस्सा स्टाफरूममध्ये सांगितला. चहाचे कप हातात धरून सगळे हसले.

*

माझीही बाजू सांगते, नाहीतर मी फार शहाणी ठरेन.

भूगोलाच्या तासाला मी सांगितलेली नदी चुकीची आहे, असं ती तीनदा म्हणाली. चूक माझीच होती. पण चाळीस पोरांसमोर मी तडकले. "चालती हो. पुन्हा तोंड दाखवू नकोस मला."

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. आईच्या लुगड्याचा तुकडा तोंडावर बांधून. फक्त डोळे दिसत होते.

मी वर्गासमोरच तिचा तुकडा सोडला आणि म्हटलं, "माझं चुकलं. नदी तू सांगितलीस तीच." तिनं मान हलवली आणि वही उघडली. त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना मी शब्द तोलून वापरले. अवघड नव्हतं. बाकीच्यांना ते का जमू नये, हे मला कधीच कळलं नाही.

*

मग तपासणी आली. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी विमलला ऑफिसात बोलावलं. तपासणीला येणाऱ्या शिक्षणखात्याच्या साहेबांनी काही विचारलं, तर 'मला काही येत नाही' एवढंच म्हणायचं, असं बजावलं. मला म्हणाले, "बाई, एका पोरीपायी शाळेचा शेरा खराब नको."

साहेब हेडमास्तरांना घेऊन वर्गात आले आणि नेमकं विमलकडे बोट केलं. "तू सांग, सव्वीस साते किती?"

विमल उभी राहिली. "मला काही येत नाही, असं म्हणायला हेडमास्तरांनी सांगितलंय. एकशे ब्याऐंशी."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आणखी काय सांगितलंय गं त्यांनी?"

"मला एवढंच. बाकीच्यांना माझ्यासमोर सांगितलंय, हजेरीत जी अकरा पोरं हजर मांडलीत ती शेतावर असतात, हे बोलायचं नाही."

साहेब खुर्चीत बसले. पेनाचं टोपण काढलं.

"नावं सांगशील?"

"हजेरी नंबरानं सांगू का आडनावानं?" विमलनं विचारलं.