रिकामी रोवळी मिळणार नाही

आमच्या आईने आयुष्यात कोणाच्याही हातात रिकामी रोवळी दिलेली नाही, आणि एवढ्या एका कारणावरून रत्नागिरीतलं हस्तकला प्रदर्शन गेल्या हिवाळ्यात बंद पडता पडता राहिलं.

(रोवळी म्हणजे तांदूळ धुवायची बांबूची टोपली. ज्यांच्याकडे तांदूळ स्टीलच्या चाळणीत धुतात, त्यांच्यासाठी हा खुलासा. आमच्याकडेही चाळणीतच धुतात, पण हे आईला सांगू नका.)

आई लांज्याकडच्या आमच्या गावी असते. भातशेतीची कामं संपली की अंगणात बसून रोवळ्या, परड्या आणि सुपं विणते. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. माझी बी.ए.ची पदवी फ्रेम करून भिंतीला लावली आहे, पण खरं तर ती एखाद्या रोवळीतच ठेवायला हवी. माझी पुस्तकं, फी, कॉलेजला जायचा एस.टी.चा पास, सगळं त्या रोवळ्यांनी आणलं. आता मी रत्नागिरीत एका शाळेत शिकवते आणि महिन्यातून दोनदा तरी मनात येतं, की आईसाठी आपण काही केलं पाहिजे. आईच्या मते मी तिच्यासाठी काही न करणं हेच बरं असतं.

तर हस्तकला प्रदर्शनाची जाहिरात आली आणि मी पेटले! तीन दिवसांचं प्रदर्शन. शेवटच्या संध्याकाळी तीन उत्तम कलाकारांना मंचावर बोलावून सत्कार. गावात आईला 'टोपल्यावाली वैनी' म्हणतात. मला एकदा, फक्त एकदाच, त्या लाउडस्पीकरने 'कलाकार द्वारकाबाई' म्हटलेलं ऐकायचं होतं. बास. शाल नको, नारळ नको. (नारळ घरचे आहेत.)

मी तयारीला लागले. स्टॉल कसा मांडावा याचे व्हिडिओ मोबाईलवर बघितले. सगळ्यांचं म्हणणं एकच : वस्तू कमी ठेवा, मोकळी जागा सोडा, वस्तूला श्वास घेऊ द्या. मी मुख्याध्यापिका बाईंकडून शाळेचा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ मागून आणला, जो फक्त प्रमुख पाहुण्यांसाठी निघतो. त्यावर मोजक्याच रोवळ्या मांडल्या आणि वरून एक पिवळा दिवा सोडला. रोवळ्या इतक्या सुंदर दिसायला लागल्या, की आई लांबूनच बघून म्हणाली, "अगो बाय, कोन वारलं काय?"

"आई, याला मांडणी म्हणतात."

"पांढरी चादर, वर दिवा... मना वाटलं..."

"आई!"

आमच्या शेजारच्या स्टॉलवर हर्ण्याच्या रुकय्याचाची होत्या. क्रोशाच्या टोप्या, रुमाल, तोरणं असा त्यांचा माल. त्या हसून म्हणाल्या, "द्वारकाबाय, तुजी लेक शिकलेली हाय. शिकलेल्यांच्या घरात अशीच कमी भांडी असतात."

पहिलं गिऱ्हाईक आलं. माझ्या गल्लीतल्या जोशीकाकू. रोवळी उलटीसुलटी करून बघितली, पैसे दिले. मी कागदी पिशवी उघडून उभी. तेवढ्यात आई टेबलाखाली वाकली. पांढऱ्या कपड्याआड तिने गावाहून तांदळाचं बोचकं आणून लपवलं होतं! ओंजळभर नवे तांदूळ तिने रोवळीत घातले, वर चार आमसुलं ठेवली आणि म्हणाली, "घ्या. भरल्या हाताने जावा."

"अहो, याचे पैसे?"

"याचे कसले पैसे? रोवळीचे दिलेत ना?"

काकू गेल्यावर मी आईला बाजूला घेतलं. "आई, हे हस्तकलेचं प्रदर्शन आहे. खाण्याचे पदार्थ चालत नाहीत. नियम आहे. रोवळी रिकामी द्यायची."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिला कोणाच्या तरी घराला आग लावायला सांगितलं होतं. "रिकामी रोवळी द्येयाची? तांदूळ धुवायची रोवळी? त्या बायच्या घरात मग काय शिजंल?"

"तिच्या घरात काय शिजेल ते तिचं ती बघेल ना!"

"हे तुला कालिजात शिकवलं?"

तिथे खरंच असलं काही शिकवलेलं नाही. पहिल्या दिवशी जेवढ्या रोवळ्या गेल्या, तेवढ्या सगळ्या भरून गेल्या. मी मनाला समजावलं, की चला, निदान खपताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी आमच्या स्टॉलसमोर रांग. मला वाटलं, कीर्ती पसरली! प्रत्येकीच्या हातात कालची रोवळी होती. परत करायला आल्यात की काय?

परत करायला कोणीच आलं नव्हतं. रत्नागिरीच्या बायका त्या. एखादीने भरून दिलेलं भांडं तिच्यापुढे रिकामं न्यायचं नाही, हे त्यांच्या रक्तात आहे. पैसे रोवळीचे दिले होते, तांदळाचे नव्हते. मग तांदळाची परतफेड नको? एकीने कुळथाचं पीठ आणलं होतं, एकीने पोह्याचे पापड, एकीने परसातल्या शेवग्याच्या शेंगा. "तुमच्या आईंना द्या हो. आणि रोवळी तेवढी मोकळी करून द्या, न्यायचीय."

रोवळी मोकळी करून द्या! हे वाक्य आईसमोर!

आईने पापड काढून घेतले. रोवळी रिकामी झाली. रिकामी रोवळी तर देता येत नाही. म्हणून तिने पापडवालीच्या रोवळीत शेंगा घातल्या. शेंगावालीच्या रोवळीत पीठ. पीठवालीला पापड. ज्यांना काही उरलं नाही, त्यांना पुन्हा तांदूळ. त्या बायका "अगंबाई, आता हे कशाला?" म्हणत गेल्या आणि दुपारी पुन्हा आल्या. रोवळ्या भरून!

हे थांबणार कसं, हे माझ्या लक्षात येईना. विक्री शून्य आणि गर्दी अशी, की शेजारच्या लाकडी खेळण्यांच्या स्टॉलवाल्याने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे रेशन सुटलंय का?" माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर पीठ सांडलं, आमसुलांचे लाल डाग पडले. श्वास घ्यायला रोवळ्यांनाच काय, मलाही जागा नव्हती.

रुकय्याचाचीही रोवळी घेऊन गेल्या होत्या. त्या कशा मागे राहतील? त्यांनी ती हर्ण्याच्या सुक्या जवळ्याने भरून आणली. (जवळा म्हणजे बारीक कोळंबी. वाळवलेला जवळा आला की पत्ता विचारावा लागत नाही.) आईने मोठ्या कौतुकाने तो वाटायला घेतला. "आई, विचारून दे गं, विचारून दे!" असं मी ओरडेपर्यंत ती रोवळी जोशीकाकूंच्या हातात गेली होती. वरून आमसुलं, खाली जवळा. जोशीकाकूंच्या घरात लसूणसुद्धा चातुर्मासात बंद असतो.

मी डोक्याला हात लावून बसले. आता तक्रार होणार, स्टॉल जाणार आणि लाउडस्पीकर आमचं नाव घेणार ते वेगळ्याच कारणाने.

तक्रार आलीही, पण संयोजक शेट्येसाहेबांच्या रूपाने. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी (दुसरा वॉकीटॉकी कोणाकडे होता हे शेवटपर्यंत कळलं नाही). त्यांनी नाक उडवत विचारलं, "मॅडम, हा स्टॉल हस्तकलेचा आहे की किराणामालाचा?"

"हस्तकलेचा, सर. ते... आतलं फक्त..."

"आतलं फक्त काय? मला इथे बांबू कमी आणि पापड जास्त दिसताहेत. उद्या परीक्षक निवड सांगणार. हे असंच दिसलं तर तुमचं नाव मी यादीतून काढणार."

"काढू नका हो सर! आई, सांग ना यांना."

आईने सांगितलं. सांगितलं म्हणजे परडी भरून शेंगा त्यांच्या हातात ठेवल्या. "आलात तसे रिकामे जाऊ नका." साहेब गोंधळले. रागाने काहीतरी बोलायला गेले, पण हातात शेंगांची परडी धरून माणसाला नीट रागावता येत नाही. ते तसेच गेले.

त्या संध्याकाळी मी आईला शेवटचं बजावलं. "उद्याचा एकच दिवस. परीक्षक कोण आहेत ते कोणालाच माहीत नाही. उद्या फक्त रोवळी दाखवायची. माझी शपथ."

आईने टेबलाखालचं बोचकं बांधलं. मग म्हणाली, "तुला काय गो एवढं पडलंय त्या सत्काराचं?"

मी खरं ते सांगितलं. लाउडस्पीकरचं. कलाकार या शब्दाचं. आई हसली, आणि मग हसायचं थांबून म्हणाली, "बरं. उद्या रिकामी देईन. तुज्यासाठी."

तिसऱ्या दिवशी तिने शब्द पाळला. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक, साधी सुती साडी नेसलेल्या एक बाई. विणीवर बोट फिरवत खूप वेळ बघत राहिल्या, मग एक रोवळी घेतली. आईने दोन्ही हातांनी रिकामी रोवळी पुढे केली. ती अशी बघत होती, की जणू त्या बाईच्या घरची चूलच आपण विझवतोय.

बाईंनी रोवळीत बघितलं. मग आईकडे बघितलं. "काय हो मावशी, रिकामीच?"

झालं! आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोचक्यात होते नव्हते ते तांदूळ, आमसुलं, पापड, सगळं त्या रोवळीत गेलं. बाई प्रसन्न. "माझं माहेर राजापूरचं," म्हणाल्या, "पुण्याला गेल्यापासून मला कोणी भरलेली रोवळी दिली नव्हती."

त्या पुण्याहून आलेल्या परीक्षक होत्या.

हे आम्हाला दुपारी कळलं, कारण दुपारी त्या रोवळी भरून परत आल्या. राजापूरचं माहेर! हॉटेलजवळच्या दुकानातून बेसनाचे लाडू आणले होते. नेमके त्याच वेळी शेट्येसाहेब शेंगांची परडी परत करायला येत होते. (तेही इथलेच. परडीत त्यांच्या आईने फणसाचे तळलेले गरे पाठवले होते.) आईच्या आणि परीक्षक बाईंच्या हातांत एकच रोवळी बघून ते जागीच थांबले.

"मॅडम, हे काय? स्पर्धकाने परीक्षकांना भेट दिली?"

"आधी त्यांनी दिली, मग मी दिली," परीक्षक बाई म्हणाल्या.

"म्हणजे परीक्षकांनी स्पर्धकाला?" त्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि काय बोलावं हे न सुचून पुन्हा खाली घेतला. "असा प्रकार नियमात नाहीच आहे!"

परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. माझं आणि द्वारकाबाईंचं आता देण्याघेण्याचं नातं झालं. मला यांचा निकाल देता येणार नाही. नाव काढा."

एवढं बोलून त्या गेल्या. जाताना रोवळी घेऊन. लाडू काढून घेऊन त्यात आईने गरे घातले होते.

नाव कापलं गेलं. मी खुर्चीत बसले. रुकय्याचाचींनी मला पाणी दिलं. तेवढ्यात जोशीकाकू धापा टाकत आल्या. मी उभीच राहिले. "काकू, जवळ्याचं चुकून झालं हो..."

"ते राहू दे. आमच्या मांजरीने रोवळी धरलीय. आत बसलीय, हात लावू देत नाही. दुसरी द्या मला."

परीक्षक बाईंची रोवळी सोडली, तर दोन दिवसांतली ती पहिली खरी नवी विक्री. आईने रोवळी दिली. भरून. जवळा वगळून.

संध्याकाळी सत्कार झाला. लाकडी खेळणी, एक कुंभारकाम आणि आमच्या रुकय्याचाची! त्यांचं नाव पुकारलं तेव्हा आईने अशा टाळ्या वाजवल्या, की पुढच्या रांगेने मागे वळून बघितलं. मीही वाजवल्या.

आम्ही मंडपातच रेंगाळलो होतो आणि लाउडस्पीकर खरखरला. शेट्येसाहेबांचा थकलेला आवाज आला :

"सूचना. कलाकार द्वारकाबाई... कलाकार द्वारकाबाई यांच्या नावाने बऱ्याच भगिनींनी कार्यालयात रोवळ्या आणून ठेवल्या आहेत. भरलेल्या आहेत. कलाकार द्वारकाबाई यांनी त्या तातडीने मोकळ्या कराव्यात. कार्यालयात बसायला जागा नाही."

मी आईचा हात घट्ट धरला. अर्ध्या तासात ती सूचना इतक्या वेळा झाली, की सत्कार झालेल्या तिघांची नावं मिळूनही तेवढ्या वेळा घेतली गेली नसतील. आई आधी लाजली, मग ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "झालं तुज्या मनासारखं? चल आता. लोकांच्या रोवळ्या अडकल्यात."

आई गावी गेल्यावर मी शाळेचा टेबलक्लॉथ धुतला, डाग काढले, इस्त्री केली आणि मुख्याध्यापिका बाईंना परत करायला निघाले. दारापर्यंत गेले आणि पाय पुढे पडेना. नुसता कसा द्यायचा? आत आले आणि त्यात पाच नारळ बांधून नेले. बाई म्हणाल्या, "अहो, हे कशाला?" दुसऱ्या दिवशी तोच टेबलक्लॉथ माझ्या टेबलावर होता, आत ओल्या काजूचे गर. बाई गुहागरच्या आहेत, मी हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

आता स्नेहसंमेलन तोंडावर आलंय, प्रमुख पाहुणे ठरलेत, आणि तो कपडा फिरत फिरत पुन्हा माझ्या घरी आहे. आज काही झालं तरी तो शाळेत पोचला पाहिजे. आणि घराण्यातली पहिली पदवीधर सकाळपासून स्वयंपाकघरात उभी राहून विचार करते आहे, की यात आता बांधावं तरी काय!