खंडेनवमीला सापडेनाशी झालेली डिस्क

खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला ठेवायचं आणि आदल्या दिवशी ते लख्ख करायचं, ही आमच्या घरची रीत. मेंढरं विकून आबा, म्हणजे माझे वडील, साखऱ्याहून माझ्याकडे कळमनुरीला राहायला आले, तरी त्यांची लोकर कातरायची कातर दरवर्षी पाटावर येतेच. शेजारी माझा कॉम्प्युटर. यंदा मी कातर घासली, कीबोर्ड पुसला आणि त्याच झपाट्यात कॉम्प्युटरवर तुंबलेले सगळे अपडेट उरकून टाकले. त्यात एक बायोसचाही होता. ते काय असतं हे धड माहीत नसताना मी ‘होय’ दाबलं आणि झोपायला गेले.

सकाळी हळदकुंकवाआधी बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: बूट डिव्हाइस सापडत नाही. चारदा बंद-चालू केलं. तीच ओळ. माझं डोकंच फिरलं. म्हणजे आतली डिस्कच मशीनला दिसेना, आणि त्या डिस्कवर आबांचा आवाज होता. दोन वर्षं दर रविवारी मी त्यांना बोलतं करून ते रेकॉर्ड केलं होतं. कुठल्या माळावर कधी चारा, कुठल्या रोगाला कुठला पाला. आषाढात अर्धांगानं त्यांची वाचा गेली. आणि शाळेत पोरांना ‘काम दोन ठिकाणी साठवा’ म्हणून घसा कोरडा करणाऱ्या या बाईनं दुसरी प्रत काढली नव्हती! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सीपीयू स्कूटीवर पायांत धरून वारंगा फाटा गाठला. दुरुस्तीवाल्याच्या दुकानाला झेंडूचं तोरण, आत पाटावर त्याचे स्क्रू ड्रायव्हर, त्यांच्यावर फुलं.

“ताई, आज हत्याराला हात लावत न्हाई. उद्या या.”

“उद्या? माझ्या आबांचा आवाज आहे त्यात!”

मी इतकी ओरडले की समोरच्या टपरीवरचे लोक वळून बघायला लागले.

“डिस्क गेली असंल. उद्या नवी टाकू, फॉरमॅट मारू.”

फॉरमॅट! तिथला पाट उचलून त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. माझा चेहरा बघून तो जरा नरमला. “बरं, कीबोर्ड काई पूजेत न्हाई. तुमीच दाबा, मी सांगतो.”

वायरी मीच जोडल्या. तो हात मागं बांधून उभा.

“चालू करा अन् डिलीट दाबत राहा.”

“डिलीट?”

“पुसत न्हाई काई, ताई. सेटिंग उघडती.”

उघडली. यादीत डिस्कचं नावच नव्हतं. तो वाकून बघत राहिला. “मशीन जुनी हाय. अपडेटनं सेटिंग नवी करून टाकली, म्हणून जुन्या डिस्कला वळखून न्हाई राहिली. ते ‘लेगसी’ करा, म्हंजे जुनी पद्धत.”

केलं, सेव्ह केलं. मिनिटभरात माझा नेहमीचा पडदा समोर.

“रोजच्यावाणी स्क्रू ड्रायव्हर हातात असता, तर म्या आधी डिस्कच काढून नवी टाकली असती,” तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. आबांचे दोन वर्षांचे रविवार एका सणामुळे वाचले, याचाच जास्त संताप आला.

घरी येऊन आधी दोन पेनड्राइव्हवर प्रती काढल्या. मग आबांच्या खाटेशी बसून शेवटची फाइल लावली. आबा मान कलती करून स्वतःचा आवाज ऐकत होते. “एका साली आमी कळप घेऊन येऊन राहिलो व्हतो, अन् एक मेंढी...” इथं मधेच माझा आवाज आला, घाईचा, वैतागलेला: “बास आबा, पुढच्या रविवारी सांगा. मला पेपर तपासायचेत.”

त्या पुढच्या रविवारी आबा नांदेडच्या दवाखान्यात होते.

दिवसभर मी अपडेटवर, त्या माणसावर, सगळ्या जगावर चिडले होते. आता आबा डावा हात हलवून खूण करत होते, पुढचं लाव म्हणून. मी नुसती माउस धरून बसले. पुढचं नव्हतंच.