अप्पारावांनी न काढलेली खोट

हर्सूलमध्ये पंप दुरुस्त करणारी तीन दुकानं आहेत. दोन ठिकाणी काम झटपट होतं. तिसरं दुकान अप्पारावांचं. तिथे काम झटपट होत नाही, कारण अप्पाराव घाबरतात.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे समजू शकतं. अप्पारावांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं. ते जन्मापासूनच ताक फुंकत आले. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघणार, एसटीत दाराजवळ कधी बसणार नाहीत. तलाव दुकानापासून हाकेच्या अंतरावर, पण चाळीस वर्षांत त्यांनी त्या पाण्यात अंगठा बुडवला नव्हता. त्यांची सगळ्यात मोठी खोड पाण्याच्या टाकीची. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावात टाकी गळली की घर कोरडं पडतं. म्हणून नवी टाकी, पिंप, माठ, काहीही आणलं की अप्पाराव ते भरायचे, बुडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद सरकवायचे आणि तासभर समोर बसून राहायचे. कागद कोरडा निघाला तरच ती वस्तू घरात. त्यांच्या बायको केसरबाई पाहुण्यांना हसून सांगायच्या, "आमच्या लग्नात सवड नव्हती म्हणून, नायतर मलाबी कागदावर उभं करून बघितलं असतं ह्यांनी."

हसायचे सगळेच. पण जुनी मोटार, जुना ट्रॅक्टर घ्यायचा झाला की हीच माणसं अप्पारावांना न्यायला यायची. "त्यांना भीती नाय वाटली, तर डोळे झाकून घ्या," असं हर्सूलपासून फुलंब्रीपर्यंत बोललं जायचं.

या भीतीनं सगळ्यात जास्त वैतागले होते ते त्यांचे जावई प्रणय. प्रणय जीपमधून पर्यटकांना लेणी बघायला फर्दापूरला नेतात. गेल्या चार वर्षांत त्यांनी दोन जुन्या गाड्या घ्यायच्या ठरवल्या आणि दोन्ही वेळा सासऱ्यांनी खोट काढून सौदा मोडला. त्या दोन्ही गाड्या दुसऱ्यांनी घेतल्या, आणि आजही त्या ठणठणीत धावतात. रोज फर्दापूरच्या रस्त्यावर त्या प्रणयना ओलांडून पुढे जातात आणि हॉर्नही देतात. दरवेळी अप्पारावांच्या जिवाला लागायचं, आणि प्रणय काही बोलायचे नाहीत, हे जास्त लागायचं.

यंदा पर्यटकांना पाण्यात फिरवायला बोट घ्यायची, असं प्रणयच्या मनात भरलं. कायगावजवळ धरणाच्या फुगवट्याकाठी त्यांच्या मित्राचं शेत होतं. परवानगीची कागदपत्रं सरकारी टेबलांवरून हळूहळू पुढे सरकत होती, तोवर बोट बघून ठेवायची होती. ती सापडली फुलंब्री रस्त्यावर, अनंतराव नावाच्या निवृत्त इंजिनिअरांच्या प्लॉटवर, पत्र्याच्या शेडमध्ये. रविवारी सकाळी बोट तपासायची, चाकांच्या गाड्यावर चढवून जीपमागे बांधायची, कायगावला न्यायची, पाण्यात एक फेरी मारून बघायची आणि मगच सौदा, असं ठरलं. त्या फेरीत अप्पारावांची लेक सुलेखा आणि सहा वर्षांची नात रूपा बसणार होत्या. घरात येऊ घातलेल्या गाडीत आधी लेकीबाळींनी बसायचं, ही या घराची रीत.

शेडच्या दारातच सुलेखानं वडलांना बाजूला घेतलं.

"अप्पा, आज तेवढं खोट काढू नका. त्यांचं मन लई मोडलंय. बोलत नायत, पण मला दिसतं. तुम्ही घाबरता अन् त्यांचं कायबी उभं राहत नाय."

अप्पाराव खाली मान घालून म्हणाले, "बरं."

अनंतराव हौशी माणूस. "आठ वर्षं झाली घेऊन. पहिली दोन वर्षं धरणात पाणी नव्हतं, नंतर माझे गुडघे गेले," ते म्हणाले. "पाण्याला लागलीच नाही म्हणा ना. अगदी नव्यासारखी आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे पाण्यानं नासलेलं सगळ्यांना कळतं. कोरडेपणानं नासलेलं पटकन लक्षात येत नाही, कारण कोरडं असणं ही आमची रोजचीच गोष्ट.

अप्पारावांनी बोटीला हात लावायच्या आधी पँटला हात पुसले. इंजिन आत, मागच्या बाजूला, जीपच्या इंजिनासारखंच. पण तिथून पुढचा प्रकार त्यांनी पाहिला नव्हता. बोटीच्या मागच्या भिंतीला मोठं भोक, त्या भोकातून बाहेर आलेला दांडा, आणि भिंतीबाहेर लटकणारा लोखंडी पाय, त्याच्या टोकाला पंखा. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात, असं अनंतरावांनी सांगितलं. पाय वर उचलता येतो, खाली सोडता येतो, डावीउजवीकडे वळतो. गेली आठ वर्षं तो वर उचलूनच ठेवला होता.

अनंतरावांनी बागेचा पाइप लावून पायाला पाणी दिलं आणि इंजिन सुरू केलं. अप्पारावांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पायावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बेअरिंगचा आवाज गोल होता, कुठे खरखर नव्हती. इंजिन बंद झाल्यावर त्यांनी गिअरचं थोडं तेल काढून बोटांत चोळलं. पाणी शिरलं असतं तर तेल दुधाळ झालं असतं, ते तसं नव्हतं. पंखा हातानं फिरवला, तोही कुठे अडला नाही. प्रणयचा चेहरा उजळत चालला होता.

मग अप्पाराव म्हणाले, "पाय खाली सोडा."

पाय खाली आला तशी त्या भोकाभोवतीची रबराची नळी ताणली गेली. नळी घड्याघड्यांची, पेटीच्या भात्यासारखी, दांड्यावर चढवलेली. अप्पाराव उकिडवे बसले आणि खालच्या बाजूची एक घडी अंगठ्यानं उघडली. आत चीर होती. बोटाच्या पेराएवढी, केसासारखी. नखानं दाबली तर रबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं कडक लागलं.

त्यांनी मान वर केली. सुलेखा त्यांच्याकडेच बघत होती. प्रणय रूपाला खांद्यावर घेऊन बोटीचं स्टिअरिंग दाखवत होते.

जीपच्या अ‍ॅक्सलला असंच रबराचं बूट असतं, अप्पाराव मनात म्हणाले. त्याला चीर पडली तर थोडं ग्रीस गळतं. महिना-दोन महिने गाडी चालते, सवडीनं बदलता येतं. नंतर सांगू. त्यांनी घडी सोडली आणि ती मिटली.

"काय म्हणता, मामा?" प्रणयनी विचारलं.

"ठीक हाय," अप्पाराव म्हणाले.

प्रणयनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. सुलेखाचे डोळे भरून आले. अप्पारावांना वाटलं, आपण आयुष्यात एकदा तरी बरं वागलो. कायगावला मात्र ते गेले नाहीत. धरणाकाठी उभं राहायच्या कल्पनेनंच त्यांचे तळवे ओले व्हायचे. जीप बोट ओढत निघाली आणि ते दुकानात येऊन बसले.

दीडच्या सुमाराला फुलंब्रीचा मोतीराम मोटारसायकलवर बोअरचा पंप बांधून आला. सकाळपासून पंप बंद होता. अप्पारावांनी मोटार उघडली, तर आतून गढूळ पाणी भळकन बाहेर आलं. रबरी सील हातात घेऊन त्यांनी ते वाकवलं. घडीत चीर.

"एवढ्याशा चिरेनं मोटार जळली व्हय?" मोतीरामनं विचारलं.

"चीर एवढीशीच असती," अप्पाराव शिकवायच्या सुरात म्हणाले. "पण पंप पाण्यात बुडालेला असतो. बाहेर पाणीच पाणी. त्याला एकदा वाट घावली की…"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते अप्पारावांना त्या क्षणी कळलं. जीपचं बूट रस्त्यावर असतं. त्याच्या बाहेर हवा असते. ते रबर ज्या भोकावर होतं, ते भोक पाण्याखाली जाणार होतं. रबराच्या एका बाजूला अख्खं धरण आणि दुसऱ्या बाजूला सुलेखा आणि रूपा. वळताना पाय फिरणार, घडी ताणली जाणार आणि चीर फाटत जाणार, तीही काठापासून दूर.

त्यांनी सुलेखाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. प्रणयना लावला. तेच. पुन्हा सुलेखाला लावला. चौथ्यांदा त्यांनी चुकून घरचाच नंबर लावला आणि केसरबाईंचा "काय वो?" ऐकून काही न बोलता ठेवून दिला.

"मोतीराम, गाडी काढ. कायगाव."

अप्पाराव मोटारसायकलवर मागे बसले की सारखं "हळू, हळू" म्हणतात, हे सगळ्या गावाला माहीत. त्या दिवशी वाळूजच्या ट्रकांमधून जाताना ते मोतीरामच्या कानाशी ओरडत होते, "आणखी पळव!" मोतीरामलाच भीती वाटायला लागली. जीव मुठीत धरून तो गाडी हाणत होता. मागे अप्पाराव हिशेब करत होते. बोट ओढत जीप हळू जाणार. वाटेत जेवायला थांबले असतील. थांबलेच असतील, रूपाला भूक निघत नाही. जीप बंद पडली असेल तर किती बरं. मग त्यांना आठवलं, मागच्या आठवड्यात जीप त्यांनीच नीट करून दिली होती. ती बंद पडणार नव्हती.

रूपाला पोहता येत नव्हतं. सुलेखालाही नाही. कारण लहानपणी तिला तलावात शिकायला जायचं होतं आणि अप्पारावांनी जाऊ दिलं नव्हतं.

शेताच्या कच्च्या रस्त्यानं ते काठावर पोचले तेव्हा तीन वाजायला आले होते. जीप उभी होती. मागचा गाडा रिकामा होता. चिखलात रूपाची एक गुलाबी चप्पल पडलेली, आणि समोर नजर पोचेल तिथवर पाणी. बोट कुठे दिसेना. अप्पाराव चपला न काढताच पाण्यात शिरले. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत.

"अप्पा! अवो अप्पा, तिकडं कुठं निघाले?"

आवाज डावीकडून, बाभळींच्या मागून आला. तिथे कमरेएवढ्या पाण्यात बोट दोरानं झाडाला बांधलेली होती. आत कुणीच नव्हतं. काठावर प्रणय तोंड पाडून बसले होते, रूपा एका चपलेनिशी दगड मांडत होती आणि सुलेखा उभी होती. तिच्या हातात वर्तमानपत्राचा कागद होता. कागदातून पाणी ठिबकत होतं.

अप्पाराव पाण्यातच मटकन बसले. मोतीरामनं त्यांना बखोटीला धरून बाहेर आणलं.

"दोर बांधला, इंजिनाखाली कागद ठेवला अन् तासभर बसून राहिले," सुलेखा म्हणाली. "हे लई चिडले. म्हणले, तुझ्या बापानं पास केलीय अन् तू काय टाकी तपासल्यागत करती? पण माझा पायच उचलंना."

"का गं?" अप्पारावांनी विचारलं.

"तुम्ही कशाला कधी ठीक म्हणला का, अप्पा? सकाळी 'ठीक हाय' म्हणले, अन् माझ्याकडं बघितलंसुदिक नाय. पैल्यांदा तुम्ही घाबरला नाय, तवाच मला भ्या वाटलं."

अप्पारावांनी जावयाकडे पाहिलं, मग रूपाकडे. खोटं बोलायला वाट होती. कोरडं रबर, नजरेतून सुटलं, असं म्हटलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं.

"नजरेतून सुटलं नव्हतं," ते म्हणाले. "चीर मला दिसली व्हती. मी बोललो नाय."

प्रणयनी हळूच बोटीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. सुलेखानं रूपाला ओढून पोटाशी धरलं. तिचा चेहरा आता पांढरा पडला होता. कागद भिजलेला दिसला तेव्हाही तो असा झाला नव्हता. मग तिनं ओल्या हातानं वडलांच्या सदऱ्याची बाही धरली.

"मीच तोंड दाबलं तुमचं," ती म्हणाली. "हितून पुढं कुणी हसलं तर हसू द्या, अप्पा. मी हसले तरी हसू द्या. पण तुम्ही बोलत जा."

अप्पारावांनी मान हलवली. मग ते जीपजवळ गेले, रूपाची चिखलातली चप्पल उचलून आणली आणि चपलेचा अंगठा निघालाय का, ते दोनदा ओढून बघितलं.

"ही नको घालू," ते रूपाला म्हणाले. "तुटंल."

या वेळी कुणी हसलं नाही. प्रणयनी पुढे होऊन रूपाला कडेवर घेतलं.