मंदाचा जबडा

आमची आई बुरूडकाम करायची. दोन्ही हात टोपलीत गुंतलेले, म्हणून बांबूची पट्टी दातांत धरायची. टोपल्या खपल्या नाहीत, की त्या दिवशी चूल थंड. मी घरातली पहिली पदवीधर व्हावं म्हणून धाकट्या मंदाने बारावीनंतर शिक्षण सोडलं, आणि दुसरी पट्टी तिने दातांत धरली.

चार वर्षांपूर्वी मंदा मला घेऊन जबडा निमुळता करणाऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली. "दात आवळा." कानांखाली टणक गोळे उठले.

"हाडच रुंद असेल, तर ते कापून उपयोग," डॉक्टर म्हणाले. "तुमचं हाड नेटकं आहे. हा स्नायू आहे, वापरून वाढलेला. तुम्हाला ही शस्त्रक्रिया नको."

मंदा हिरमुसली. घरी आईने टोमणा मारलाच, "माझ्यावानी तोंड झालं म्हणून छाटाया निघालीस व्हय गं?"

"ताईवानी पायजे मला," मंदा म्हणाली.

माझ्या दातांत फार तर पेन्सिल असायची; माझा चेहरा निमुळता राहणारच. चेहरा देव घडवतो म्हणतात, पण आमच्या घरी निम्मं काम बांबूने केलं, आणि माझ्या वाटणीचंही मंदाच्याच तोंडावर केलं.

दुसऱ्या दिवशी मी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणून तिच्यासमोर ठेवला. "या वयात?" म्हणत तिने तो भरला.

यंदा मंदा बी.ए. झाली. आमच्या घरात आता दोन पदवीधर आहेत.