खासदारांना दाखवलेले कप

मी लिहायला शिकले ती पत्रकांवर. एका पानात मागण्या, खाली सह्या, वर ठळक अक्षरात संताप. त्यामुळे मला गोष्ट हळूहळू सांगता येत नाही. सरळ सांगते.

अकोल्यात घरकाम करणाऱ्या बायकांची आमची संघटना आहे. संघटना म्हणजे काय, तर रविवारी दुपारी विहाराच्या ओट्यावर बसणाऱ्या तीसेक बाया आणि हिशेब-अर्ज लिहायला मी. राज्याचं मंडळ आहे, कार्डं आहेत. पण या बायांना कामगार म्हणणारा देशाचा कायदा नाही. तो करणारे लोक दिल्लीत बसतात, आणि आम्हाला गाठता येतात ते फक्त सुट्टीत, आपल्या गावी आल्यावर. म्हणून आम्ही पाचजणी निवेदन घेऊन अमरावतीला, तेव्हा गावी असलेल्या एका खासदारांच्या बंगल्यावर गेलो. कोणते खासदार ते लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीचे सुटतात.

त्यांनी निवेदन उभ्यानंच वाचलं. ‘अपमानास्पद वागणूक’ या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, संसदेत बोलायचं तर पुरावा लागतो. भावना चालत नाहीत."

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत माझं डोकं तडतडत होतं. पुरावा पाहिजे? घ्या पुरावा. प्रत्येकीसाठी प्रत्येक घरात एक वेगळा कप असतो. कान तुटलेला, नाहीतर टवका उडालेला. तो घरच्या भांड्यांत ठेवत नाहीत. घरातली सगळी भांडी जिच्या हातून निघतात तिनं ओठ लावलेला कप मात्र त्या भांड्यांना शिवू देत नाहीत. हे कप खासदारांपुढे मांडायचे, असं मी ठरवलं. मला ते फार भारी सुचलं असं वाटलं. पत्रकवाल्यांना असं नेहमी वाटतं.

रविवारी ओट्यावर सांगितलं तर आधी हसाहशी झाली. एक जण म्हणाली, ती कामाला जाते त्या घरी कप नाही, श्रीखंडाचा रिकामा डबा आहे, तो चालेल का. दुसरी म्हणाली, माया कप पाहून साहेबाले उलटी होईन. मग एकीनं मुद्द्याचं विचारलं, तो कप आपला थोडाच आहे, न विचारता कसा न्यायचा?

उत्तर मावशीनं दिलं. मावशी माझी नात्यातली नव्हे, सगळ्या ओट्याची मावशी. एकाच गल्लीत चार घरं करणारी, पन्नाशीची, नवरा गेलेला, पोरगी लग्न होऊन चांदूर रेल्वेला.

"अकरा वर्सं त्याच्यात मीच पिऊन राहिली," ती म्हणाली. "मंग कोनाचा हाय तो?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मागून आणा, निदान सांगून आणा, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. कायद्यावर तासभर बोलणारी मी, एवढं बोलले नाही.

पुढच्या खेपेला आम्ही एकवीसजणी गेलो. बंगल्याच्या पडवीत सतरंजीवर कप मांडले, श्रीखंडाचा डबा मधोमध. खासदार बाहेर आले, वाकून एकेक कप बघितला. मला वाटलं, लागलं मनाला. मग त्यांनी मोबाइलवाल्या पोराला जवळ बोलावलं. मावशीला शेजारी उभं केलं, तिचा कप स्वतःच्या हातात धरला, पांढऱ्यावर हिरवी वेल असलेला, बिनकानाचा. फोटो झाला. कप इथंच राहू द्या, मी दिल्लीला नेतो, असं म्हणाले. आम्ही खूश होऊन रसवंतीवर रस प्यायलो.

फोटो खासदारांच्या फेसबुक पानावर आला, तिथून फिरत फिरत त्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. हिरवी वेल ओळखू आली. सहा कपांचा सेट होता तो, पाच अजून कपाटात होते. घरच्या मॅडमना शरम वाटली असती तर मी समजू शकले असते. पण शरमेचा राग करायला आपल्याकडे वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी मावशीला दारातूनच परत पाठवलं आणि ग्रुपवर टाकलं की बाई घरातल्या वस्तू उचलते. दुपारपर्यंत उरलेल्या तिन्ही घरांनी तिला येऊ नको म्हणून कळवलं. तिसऱ्या दिवशी चौकीतून फोन आला.

मी सोबत गेले. मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. हवालदार वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त जेवायच्या आधी प्रकरण संपवायचं होतं. कप परत द्या, माफी मागा, विषय मिटवा. मी बाहेर येऊन खासदारांच्या पीएला फोन लावला. साहेब अधिवेशनाला दिल्लीत होते. कप? कप दिल्लीला गेले नव्हते. पीए अगदी सहज म्हणाला, "ते का? बाहेर बसणाऱ्या लोकांना चहा देतो ना आम्ही त्यात. तुमचा कोणता होता? दोन-चार फुटले."

मी फोन बंद केला. भिंतीला लाथ मारली. हे लिहिताना लाज वाटत नाही.

आत जाऊन सांगितलं की कप मिळायचा नाही. मॅडम म्हणाल्या, बघा, मी सांगत होते. मावशी तोवर बाकावर हात मांडीत घेऊन बसली होती. ती उठली.

"मंग लिहा, साहेब. चोरी लिहा. पन काय चोरलं ते पूर्न लिहा. एक कप, कान तुटलेला. कुठं ठेवत होते तेही लिहा. मागच्या नळापाशी, झाडूच्या बाजूले."

हवालदारानं पेन उचललं होतं, ते तसंच राहिलं. त्यानं मॅडमकडे पाहिलं. "तुम्ही पीत होता का त्यात, मॅडम?"

मॅडमनी पर्स उचलली. म्हणाल्या, जाऊ द्या, मला तक्रार करायची नाही.

"कावून जाऊ द्या?" मावशी म्हणाली. "मी चोर हाय का नाई? हाय तं लिहा, नाई तं नाई म्हनून लिहा."

पण तक्रारच नाही म्हटल्यावर लिहायचं काय? हवालदारानं अर्धवट कागद फाडला आणि दोघींना नमस्कार केला. वर म्हणाला, सुटलात ना मावशी, मग भांडता कशाला. सुटली! चार घरांपैकी एकही हातात नाही, आणि ही सुटली.

तिथून मावशी थेट त्या गल्लीत निघाली. मी विनवलं, आज नको. ती थांबली नाही. तीन दारं वाजवली, सांगितलं की चौकीत काही निघालं नाही. पहिल्या घरी दुसरी बाई भांडी घासत होती. दुसऱ्या घरी खिडकीतूनच नको म्हणाले. तिसऱ्या घरच्या आजी म्हणाल्या, उद्यापासून ये, पण ती पत्रकवाली पोरगी फाटकाच्या आत दिसायला नको. मावशी हो म्हणाली. मी फाटकाबाहेरच होते, सगळं ऐकत.

बाहेर येऊन ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं आमचं निवेदन वाचून दाखवायला लावलं, तिथंच, रस्त्यावर, माझ्या स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून. पहिली मागणी सन्मानाची होती, दुसरी भेदभावाची. बोलायला छान असतात त्या. न सांगता, लेखी कारण न देता कामावरून काढता येऊ नये, ही मी नववी टाकली होती.

"हे वर घे," ती म्हणाली. "बाकी मंग."

मी तिथंच खोडून नवं लिहिलं. या वेळी बंगल्यावर नाही, दिल्लीच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलं, या खासदारांना आणि शेजारच्या मतदारसंघांतल्या आणखी चौघांना. अजून एकाचंही उत्तर नाही. कागदावर पहिली सही मावशीची आहे. खाली गावाचं नाव आणि धंदा लिहायची जागा होती, तिथं तिनं स्वतः, सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं: घरकामगार, सध्या एक घर.