सीताफळाला चार वर्षं लागतात

आमची चार एकर जमीन आहे. आमची म्हणजे माझी आणि पुण्यात राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावाची. सातबाऱ्यावर दोन नावं एकाखाली एक, वाटणी झालेली नाही. मी गेली बावीस वर्षं दिल्लीत आहे, केंद्र सरकारच्या एका खात्यात हिशेबाचं काम करते आणि मयूर विहारच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. त्या जमिनीशी माझा संबंध येतो तो पिकाचा वाटा खात्यात जमा होतो तेव्हा, आणि जानेवारीत, ऑफिसात स्थावर मालमत्तेचं विवरण भरायचं असतं तेव्हा. त्या विवरणात 'वार्षिक उत्पन्न' असा रकाना आहे. बरोबरचे लोक तिथे अंदाजे आकडा टाकतात. मला ते जमत नाही, म्हणून मी दर वर्षी वाटेकऱ्याला फोन करून विचारते.

गेल्या जानेवारीत फोन केला तर तो म्हणाला, "ताई, समक्षच सांगतो. संक्रांतीला पानिपतला येतोय आम्ही. तालुक्यातून दोन गाड्या निघाल्यात."

जमीन निम्म्या वाट्याने त्याच्याकडे आहे. बियाणं, खत, मजुरी त्याची, रान आणि विहीर आमची, पिकाचे दोन वाटे. वडील होते तोवर कुणाही वाटेकऱ्याकडे जमीन दोन वर्षांपेक्षा जास्त राहिली नाही. दोन वर्षं झाली की माणूस बदलायचा, कितीही चांगला असला तरी. याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. आजोबा नोकरीनिमित्त बाहेरगावी असत. कूळकायदा आला तेव्हा त्यांची अठरा एकर कुळांकडे गेली आणि घरच्या माणसांनी कसलेली ही चार राहिली. कायदा चुकीचा होता असं वडील म्हणत नसत. "कसणाऱ्याला मिळाली, ठीकच आहे," म्हणायचे, आणि पुढच्याच वाक्यात, "पण लेखी काही द्यायचं नाही."

मला त्या दोन वर्षांच्या नियमाचा हिशेब फार उशिरा लागला. शेणखत एकदा टाकलं की तीन वर्षं काम करतं. तळ्यातला गाळ त्याहून जास्त. दोन वर्षांनी ज्याला उठायचंय तो गाळ कुणासाठी ओढेल? तो युरियाची गोणी आणतो. सरकारी सवलतीत ती स्वस्त मिळते आणि तिचा परिणाम त्याच हंगामात दिसतो. आमच्या रानात वर्षानुवर्षं युरिया पडत राहिला, बांध खचत गेले आणि वाटा कमी होत गेला. माती बिघडली असं आम्ही म्हणत राहिलो.

वडील गेल्यावर माणूस बदलायचं काम कुणी केलं नाही, मुख्यतः आळसाने. त्यामुळे हा वाटेकरी सहा वर्षं टिकला. दादाला ते मनातून डाचत होतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

पानिपतची संक्रांत करून गाड्या दिल्लीत आल्या. बाकीच्यांची सोय कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या सदनात आणि आसपास झाली होती. वाटेकरी आणि त्याची बायको आमच्याकडे उतरणार होते, म्हणून मी ऑफिसातून लवकर निघून त्यांना आणायला गेले. तो गेटपाशी मफलर गुंडाळून उभा होता. बायकोच्या हातात तिळाच्या लाडवांचा डबा आणि बाजरीच्या पिठाची पिशवी.

"काला अंबचं स्मारक बघितलं का नीट?" मी विचारलं.

"बघितलं. माती कपाळाला लावली. पण ताई, मला तिथला गहूच दिसत होता. काय चौकोनी रानं आहेत हो, पट्टीनं आखल्यासारखी."

"आणि हे भाषणं सोडून बांधावर गेले," बायको म्हणाली. "गाडीवाले हाका मारून दमले."

टॅक्सी इंडिया गेटवरून निघाली तेव्हा त्याने काचेला नाक लावलं. "कांद्याची निर्यात बंद करायचं जिथं ठरतं, ते ऑफिस कुठलं यातलं? लांबूनच दाखवा. दगड मारणार नाही."

मी एका लांबलचक इमारतीकडे बोट दाखवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खिडक्या पुष्कळ आहेत. एवढ्या खिडक्यांतून एकालाही आमची चाळ दिसली नाही." चाळ म्हणजे कांदा साठवायची. मागच्या साली भाव येईल म्हणून त्याने कांदा चाळीत ठेवला, निर्यात बंद झाली आणि चाळीतला माल मातीमोल झाला. त्याच महिन्यांत मयूर विहारच्या बाजारात कांदा उतरला म्हणून मी दोन किलो जास्त घेतला होता. हे मी त्याला सांगितलं नाही.

जेवणं झाल्यावर त्याने विषय काढला. त्याला कांदा सोडायचा होता. आमच्या रानात सीताफळ लावायचं होतं, ठिबक स्वतःच्या खर्चाने. पाणी कमी लागतं, जनावर खात नाही, सरकारचं लक्ष नाही. "पण सीताफळाला चार वर्षं लागतात, ताई. तोवर नुसतं पाणी घालायचं. मग पुढं आठ-दहा वर्षं फळ. म्हणून मला बारा वर्षांचं लेखी पायजे. रोपवाटिकेत कलमांची नोंदणी करायचीय, उन्हाळ्याआधी खड्डे काढायचेत. परवाच्या गाडीत बसायच्या आत हो-नाही सांगा."

सहा वर्षं झालीच होती, त्यात ही बारा. मनातल्या मनात बेरीज करत मी भांडी आवरली.

"कांद्याला लेखी लागत नाही?" मी विचारलं.

"कांदा चार महिन्यांचा. उठ म्हणालात तर काढून घेऊन जाईन. झाड काढून नेता येत नाही." मग म्हणाला, "तुम्हाला कशाची भीती वाटते ते ठाऊक आहे मला. आमचा आजा पण कसतच होता. तुमच्या आजोबांच्या कुळाकडं सालगडी होता. नांगर त्याच्या हातात, नाव कुळाचं. जमीन कुळाला मिळाली, आजाला सालाचं धान्य."

तो हे रागाने म्हणाला नाही. पण मला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं. हा माणूस आपल्याला काही सुचवतोय की नुसतं सांगतोय, हे मला ठरवता येईना.

सकाळी त्याला फिरायला नेलं. आमच्या सोसायटीपासून थोडं चाललं की यमुनेचं खादर लागतं. नदीकाठची सखल जमीन, वरून मेट्रो जाते, खाली पालक-मेथी-मुळा. मी रविवारी तिथूनच भाजी घेते. तिथला भाजीवाला बदायूंकडचा. वर्षाला ठरलेली रक्कम देऊन दुसऱ्या कुणाकडून तुकडा घेतो, आणि त्या दुसऱ्याचा हक्कही कागदावर आहे की नाही हे त्याला माहीत नाही.

वाटेकऱ्याने वाकून माती चिमटीत घेतली. "भैया, जमीन तो एक नंबर है. झाड क्यूं नहीं लगाया? पेरू, लिंबू?" त्याची हिंदी अशीच.

"पेड़?" भाजीवाला मुळे धुता धुता हसला. "भाई साहब, बुलडोज़र आता है तो पहले पूछता नहीं. यहाँ वही बोते हैं जो महीने-डेढ़ महीने में निकल जाए."

"खत?"

"यूरिया. और क्या."

वाटेकरी माझ्याकडे वळला. मला वाटलं आता टोमणा येणार. त्याने फक्त मेथीच्या चार जुड्या घेतल्या, घासाघीस केली, आणि चालताना म्हणाला, "हिवाळ्यात तुम्हाला इथं मजा आहे. मेथी चांगलीय."

घरी आल्यावर मी पुण्याला एका ओळखीच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "करार तुम्ही तुमच्या हिश्श्यापुरताच करू शकता. भावाची सही हवीच. आणि झाडं त्याची, जमीन तुमची, असं स्पष्ट लिहा."

"मग कुळाचा हक्क लागणार नाही ना?"

"लागू नये असंच लिहू."

लागू नये. हिशेबात असा शब्द आम्ही चालवून घेत नाही. ऑफिसला कळवावं लागेल का, विवरणात कुठे दाखवायचं, हे प्रश्न मी एका कागदावर लिहून ठेवले, आणि मग दादाला फोन लावला. भाजी निवडत होते म्हणून फोन स्पीकरवर होता.

"बारा वर्षं?" दादा म्हणाला. "अगं, बारा वर्षं त्याच्या नावाचा कागद राहिला की कोर्टात आपण उभं राहायचं आणि त्याने नुसती झाडं दाखवायची. आधीच सहा वर्षं झाली. गोड बोलून घुसतात गं हे."

"नमस्कार दादा," वाटेकरी टेबलापलीकडून म्हणाला. "मी इथंच आहे. मेथी निवडतोय."

मग दादा वेगळ्या सुरात म्हणाला, "हां. नमस्कार. प्रवास ठीक झाला ना?"

"झाला. घुसायला गाडीत जागा होती."

टेबलाशी बसलेली माझी मुलगी हसू दाबत आत निघून गेली. दादाने घसा साफ केला. त्याच्याकडे एक तोडगा होता, तो त्याने नीट मांडला. झाडं आपण लावू, खर्च आपला, ठिबक आपलं. वाटेकऱ्याला महिन्याला पगार. मग कुळाचा प्रश्नच नाही, फळही सगळं आपलं. ऐकायला चोख होतं. मी टेबलावरच्या कागदावर आकडेही मांडायला लागले.

"म्हणजे आजासारखा सालगडी," वाटेकरी म्हणाला. त्याचा हात थांबला होता.

"तसं नाही म्हणत मी. काळ बदललाय. बँकेत पगार जमा होईल."

वाटेकऱ्याच्या बायकोने मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि फोनकडे बघत म्हणाली, "दादा, आपल्याकडं आठवड्याआड रात्रीची लाइट असते. पगारावर रात्री दोन वाजता मोटर चालू करायला कुणी उठत नाही. आम्ही पण नाही उठणार. आधीच सांगते, नंतर शब्द नको."

दादा म्हणाला, "बघू. मी विचार करून सांगतो." विचार करून सांगतो म्हणजे नाही, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून माहीत आहे.

मागच्या वर्षी गारपीट झाली तेव्हाही तो असंच म्हणाला होता. पिकाची नोंद सातबाऱ्यावरच्या नावांनी, म्हणून भरपाई माझ्या आणि त्याच्या खात्यात आली होती. मी माझी त्याच दिवशी वाटेकऱ्याला पाठवली, कारण बियाणं त्याचं होतं. दादाने पाठवली, पण माझ्या तीन फोननंतर. तो वाईट माणूस नाही. वडिलांची भीती त्याच्याकडे थोरला म्हणून जास्त आली, इतकंच.

संध्याकाळी मी कागद केला. वकिलांनी सांगितली तशी वाक्यं, माझ्या साध्या भाषेत. जमीन आमची, झाडं त्याची. बारा वर्षं फळाचे दोन वाटे. मध्येच आम्ही जमीन परत घेतली तर उभ्या झाडांची किंमत मोजून द्यायची. खाली दोन सह्यांच्या जागा. अठरा एकर गेली तेव्हा आजोबांनी कशावर सही केली असेल, का सही न करताच गेली, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी माझं नाव लिहिलं. दुसरी जागा तशीच राहिली.

वाटेकऱ्याने कागद उभा धरून वाचला. "दादांची?"

"माहीत नाही. वकील म्हणतात, माझी सही माझ्या हिश्श्यापुरती."

त्याने थोडा वेळ हिशेब केला. "म्हणजे दोन एकर. मग दोन एकराचीच कलमं सांगतो. बाकीच्या दोनात कांदा." कागदाची घडी घालून त्याने ती लाडवांच्या रिकाम्या डब्यात ठेवली, प्रवासात चुरगळू नये म्हणून. "उरलेल्यांची नोंदणी पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत चालेल. तोवर दादांना वेळ आहे."

त्यांची गाडी गेल्यावर मी दादाला जूनची मुदत कळवली आणि विवरण भरलं. जमिनीच्या ओळीपुढे शेऱ्यात कराराची नोंद केली. ऑफिसातल्या सहकाऱ्याने ते पाहून विचारलं, "इतना डिटेल कौन लिखता है, यार?" मी म्हटलं, मला झोप येत नाही नाहीतर. तशीही येत नव्हती.

मार्चमध्ये खड्ड्यांचा फोटो आला. पावसाळ्यानंतर रोपांचा आला, प्रत्येकाला काठीचा आधार. मी फोटो मोठा करून बघितला. कुठली रोपं जगलीत आणि कुठली नुसत्या काठ्या आहेत ते कळेना. त्या जमिनीत काय चाललंय याची मला एवढी काळजी आधी कधी नव्हती. पूर्वी फक्त ती आपल्या नावावर राहिली म्हणजे झालं असं होतं. तीही भीती गेलेली नाही. वकिलांचं ते 'नये' अजून मधूनच आठवतं.

दिवाळीत दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "किती लावली त्याने?"

"दोन एकर. माझ्या सहीपुरती."

"जगली का?"

"बरीचशी."

"उरलेल्या दोनात काय आहे?"

"कांदा."

तो म्हणाला, "यंदा निर्यातीचं काय करणार आहेत म्हणे? तुला तिथे काही कळतं का?"

"मला कसं कळणार? मी हिशेबात आहे."

"हो, तेही खरंच." आणि फोन ठेवता ठेवता, "त्या कलमांची मुदत जूनपर्यंत म्हणालीस ना?"

मी हो म्हटलं. तो कागद आता गावी, डब्यात आहे. जूनला सात महिने आहेत.