भिंतीवरचे पाय

ह्यांच्या जाण्याचा निरोप बबन हमालाने आणला. दारात उभा राहून त्याने डोक्याचं फडकं काढलं आणि म्हणाला, "वैनी, पेंटर भिंतीपाशीच गेलं वो..." तव्यावरची भाकरी जळत राहिली. तो वास अजून घरातून गेलेला नाही.

दौंडला मालधक्क्याच्या रस्त्यावर व्यापाऱ्यांच्या गोदामाची लांब भिंत आहे. आमचं लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी तिच्यावर बाजाराचं चित्र काढलं. शिरूरकडून येणाऱ्या बैलगाड्या, गुळाच्या ढेपा, तराजू, मालगाडीचे डबे. वर शेठ लोकांचे चेहरे, अगदी हुबेहूब. खाली डब्याकडे गोणी नेणारा एक वाकलेला हमाल. गोणीखाली त्याचं तोंड दिसत नाही, पाय तेवढे दिसतात.

ते माझे सासरे. केंदूरहून पोटासाठी दौंडला आले आणि त्याच गोदामात पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून गेले. हे तेव्हा लहान होते. सासऱ्यांचा फोटो कधी निघालाच नाही. मी एकदा विचारलं, "तोंड का नाही काढलं?" हे ब्रश पुसत म्हणाले, "भाकरी घिऊन जायचो, तवा आबा गोणीखालीच असायचं. पाय बघून वळखायचो. तोंड... न्हाई आठवत." भेगाळलेल्या टाचा आणि उजव्या पायाचं वाकडं बोट मात्र त्यांनी अचूक काढलं होतं.

दुपारी हमाल त्या भिंतीच्या सावलीत पाठ टेकून बसत. पायांचा रंग साधा गेरूचा, तो सदऱ्यांना लागायचा आणि पाय पुसट होत जायचे. दर दिवाळीआधी हे ते पुन्हा काढायचे. गोदामाचे शेठ चिडायचे, "अरे, हाकल त्यांना!" बबन ह्यांना चिडवायचा, "पेंटर, तुमच्या आबाला रोज पाठीवर घिऊन घरी जातू. हमाली द्या!" हे म्हणायचे, "टेक रं बाबा. आबांला कवा कुनी टेकू दिलं न्हाई."

पुढे ह्यांची छाती कफाने भरू लागली. बाकीची कामं सुटली, भिंत सुटली नाही. त्या दिवशी डावा पाय रंगवून झाला होता, उजवा राहिला...

दहावं झाल्यावर शेठ घरी आले. "वहिनी, पेंटरची आठवण म्हणून भिंतीपुढे लोखंडी जाळी लावतो. कोणी टेकणार नाही, चित्र टिकेल. तुम्ही फक्त हो म्हणा." परक्या माणसापुढे मला शब्द फुटत नाही. "बघून सांगते," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. सगळे हमाल उन्हात बसले होते आणि सावली रिकामी. माझ्या घरधन्याचा मान म्हणून भिंतीला कोणी शिवत नव्हतं. उजवा पाय जवळजवळ गेला होता. डावा ताजा होता, टाचेवर ब्रशच्या केसांच्या रेघासुद्धा दिसत होत्या. जाळी लागली तर तेवढा तरी राहील, नाहीतर आता पुन्हा काढणारं कोण आहे... मी सावलीतून बाजूला सरले.

"बसा," मी म्हणाले.

"नगं वैनी, पुसंल."

"पुसू द्या. शेठना सांगा, जाळी नको."

मग बबन आला आणि हळूच टेकला. गाडी लागल्याची हाक आली तसा उठला. त्याच्या सदऱ्यावर गेरूचा डाग होता. त्याने गोणी पाठीवर घेतली. डाग झाकला गेला, तोंडही झाकलं गेलं. डब्याकडे जाताना त्याचे पाय तेवढे दिसत होते.